घेवड्याच्या मुळाला गाठी

आमच्या भावकीत मला भांडकुदळ म्हणतात. म्हणू देत बापड्यांना. बाई गप्प बसली की सालस आणि बोलली की भांडकुदळ, एवढे दोनच शब्द आहेत त्यांच्याकडं, ते तरी काय करणार? हे नाव मी ज्या भांडणात कमावलं, ते डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत अशा जिवांवरून झालं होतं. वेळ आली तर ते भांडण मी पुन्हा करीन.

माझं माहेर सांगलीचं. वडील कुपवाडला एका वर्कशॉपात लेथवर होते. मी बी.एस्सी. झाले आणि लग्नाआधी दोन वर्षं तिथंच जवळ एका छोट्या शेडमध्ये कामाला लागले. स्कूटीवरनं जायचे, डोक्याला स्कार्फ बांधून. शेडमध्ये शेतीचे जिवाणू वाढवायचे. काचेच्या मोठ्या बाटल्यांत पाणी गढुळायला लागलं की समजायचं जीव धरलाय. मग ते काळ्या भुकटीत मिसळून पाकिटं भरायची. आमचे साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते, हे पीठ समजू नका, हे जनावर आहे, उन्हात ठेवलं की मेलं. तेव्हापासून पाकिटं उन्हात मांडणाऱ्या दुकानदारांशी मी भांडत आलेय.

त्यातला एक जिवाणू माझा लाडका. रायझोबियम. कडधान्याच्या मुळात हा घर करतो. मूळ त्याला गोड रस देतं आणि तो हवेतला नत्र धरून मुळाला देतो. मुळावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी येतात, त्या गाठींत याचा मुक्काम. युरियाच्या गोणीनं जे काम व्हायचं, ते हा न बोलता करतो. मला हे पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा मी घरी येऊन आईला जेवता जेवता तासभर सांगत बसले होते. आई म्हणाली, बरं आहे की, पण वरण वाढ.

लग्न झालं ते कोरेगावच्या बाजूला. नवरा फौजेत, सासरे फौजेतनं सुभेदार होऊन आलेले. सासऱ्यांना आमच्याकडं सून मामा म्हणते, तशी मीही म्हणते. नवरा त्यांना नाना म्हणतो, गाव सुभेदार म्हणतं. मामांनी पेन्शनीत आल्यावर खालच्या रानात आल्याचं पीक धरलं आणि त्यात नाव काढलं. आलं म्हणजे लय नाजूक पीक. कंद कुजायला लागला की बघता बघता वाफेच्या वाफे बसतात. मुळाला निमॅटोडच्या, म्हणजे सूत्रकृमीच्या, गाठी धरल्या तरी तेच. म्हणून आलेवाल्यांचा कायदाच आहे, रोगट झाड दिसलं की उपटायचं, रानाबाहेर न्यायचं आणि जाळायचं. दयामाया नाही. मामा तो कायदा फौजेच्या हुकमासारखा पाळायचे आणि त्यांचं आलं कधी कुजलं नाही, हे मला कबूल आहे. माणूस मूर्ख नव्हता. मूर्ख असता तर भांडण सोपं झालं असतं.

आल्याच्या रानाच्या वर आमचा माळ आहे. खडकाळ, हलकी जमीन, बरीच वर्षं पडीक. शेजारच्या मळेवाल्याचा त्यावर डोळा होता, तो वाट्यानं कसायला मागत होता. तो विषय घरात निघाला तेव्हा नवरा सुट्टीवर आलेला. मी भाकऱ्या थापत होते. तिथनंच म्हटलं, माळ मला कसायला द्या.

काय हसले सगळे. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, तोंडाला पदर लावला. नवरा म्हणाला, एमआयडीसीची पोरगी ही, हिला पेरायची पाभर कुठल्या तोंडानं धरायची ते ठाऊक नाही. मला तेव्हा राग आला आणि वाईटही वाटलं. नऊ वर्षं मी त्या घरात होते. मला काय येतं हे एकानंही कधी विचारलं नव्हतं. दोन वर्षं हातानं शिकलेलं माझ्यात पडून होतं, त्या माळासारखंच. मला दागिना नको होता, हवापालट नको होता. मला माझ्या अकलेनं कसायला जमिनीचा एक तुकडा पाहिजे होता. मी तवा उतरवला आणि पुन्हा तेच म्हटलं.

मामांनी शेवटी तोड काढली. माळाचा वरचा अर्धा एकर यंदाच्या खरिपात मी करायचा. पीक चांगलं आलं तर अख्खा माळ माझ्याकडं. नाही आलं तर माळ शेजाऱ्याला वाट्यानं जाणार आणि मी पुन्हा रानाचं नाव काढायचं नाही. "शब्द दिला," म्हणाले. मामांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे पंचक्रोशीला माहीत होतं. मीही तो तसाच धरला.

मी घेवडा धरला, राजम्यासारखा दाण्याचा. आमच्या भागाचंच पीक, पण त्या माळानं तो कधी पाहिला नव्हता. म्हणजे त्या मातीत घेवड्याचा जिवाणू असण्याची आशा कमीच. भुईमुगाचा वेगळा, हरभऱ्याचा वेगळा, ज्याची त्याची सोयरीक ठरलेली असते. कोरेगावात दुकानदारानं पाकिटं शटरजवळ, उन्हात मांडलेली. तिथं एक भांडण झालं. शेवटी त्यानं आतल्या खोलीतली काढून दिली. तारीख बघून घेतली. गुळाचं पाणी केलं, ते पार गार होऊ दिलं, कारण कोमट पाण्यातसुद्धा या जिवांचे हाल होतात. गोणपाटावर बी पसरून हलक्या हातानं चोळलं, सावलीत सुकवलं. बी काळं झालेलं बघून मामा म्हणाले, बियाणाच्या तोंडाला काळं फासलंस व्हय. मी हसले. त्या दिवशी हसण्यासारखंच वाटत होतं.

पहिले तीन आठवडे घेवडा फिकट होता. शेजारी बांधावर उभा राहून चुकचुकायचा. मामांनी दोनदा सुचवलं की मूठभर युरिया टाक. मी नाही म्हटलं. आयतं ताटात पडलं तर कोण कशाला राबेल? युरिया मिळाला की मूळ या जिवाणूला विचारत नाही. मामांना हे पटलं नाही, पण दिलेल्या रानात त्यांनी हात घातला नाही. पाचव्या आठवड्यात पाल्याचा रंग पालटला. असा काही काळाभोर हिरवा झाला की येणारा-जाणारा थांबायचा. मी एक रोप हळूच उपटून बघितलं. मुळाला गाठीच गाठी. पुन्हा माती सारखी केली आणि नाचतच घरी आले.

माझी चूक इथंच झाली. घरी मी रंगाचं सांगितलं, कळ्यांचं सांगितलं, मुळाचं सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही हे खरं, पण आपल्या एकटीलाच माहीत आहे याची मला मिजासही होती. खोटं कशाला बोलू?

त्यानंतर आठवडाभरानं मी माझ्या पोरीच्या शाळेच्या दाखल्यासाठी साताऱ्याला गेले. दुपारच्या एसटीनं परत आले, फाट्यावर उतरून माळाच्या वाटेनंच चढले. बघते तर माझ्या घेवड्यात सात-आठ बायका वाकलेल्या. भांगलणीचे, तण काढायचे, दिवस तर सरलेले. जवळ गेले तर बांधावर हिरव्यागार रोपांचा ढीग, त्याच्याजवळ डिझेलचा कॅन, आणि मामा काठी टेकून उभे. आठ ओळी मोकळ्या झालेल्या. नुसती उकरलेली माती.

मामा शांतपणे बोलले. सकाळी शेजारी आला होता, त्यानं एक रोप उपटून दाखवलं, मुळाला ढीगभर गाठी. निमॅटोड. माळाचं पाणी उतरतं ते खाली आल्यात. आज हा रोग इथंच जाळला नाही तर सगळं आलं जाईल. तुझं नशीब वाईट, पोरी, असंही म्हणाले, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चप्पल तिथंच टाकली आणि ओळींमध्ये शिरले. बायकांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि सांगितलं की आता एकाही रोपाला हात लावायचा नाही. बायका उठून उभ्या राहिल्या. त्यांनी मामांकडं बघितलं. मामा म्हणाले, चालू द्या. मी म्हटलं, चालणार नाही. नऊ वर्षांत मी त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता असं म्हणणार नाही, पण रानात, रोजाच्या बायकांसमोर, हे पहिल्यांदाच.

मामांनी फोन काढला आणि नवऱ्याला लावला. स्पीकरवर ठेवला, सगळ्यांनी ऐकावं म्हणून. नवऱ्यानं निम्मंशिम्मं ऐकलं आणि मला म्हणाला, नानांच्या पुढं जाऊ नकोस, त्यांना रानातलं कळतं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी! कुठलं पुढचं वर्ष? यंदा हे रान गेलं की पुढच्या वर्षी रानाचं नावसुद्धा काढायचं नाही, हा सौदा त्याच्याच देखत झाला होता. वाईट वाटलं ते याचं. बाकी कुणी काही म्हणालं असतं तर चाललं असतं.

मी फोनकडं तोंड करून म्हटलं, "तुमी बॉर्डर सांभाळा. रान मी सांभाळते." आणि फोन बंद केला. मामांच्या हातातला, मीच.

मग मी ढिगातलं एक रोप उचललं. मामांचा हात धरून तळवा उघडला. त्यांनी तो मागं घेतला नाही, बहुतेक चकितच झाले असावेत. आल्याच्या मुळाची निमॅटोडची गाठ तुम्ही शंभरदा बघितलीय, मी सांगत होते, ती गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ती काढू म्हटलं तर मूळ तुटेल पण गाठ निघणार नाही. ही बघा. अंगठ्यानं नुसतं चोळलं तर गाठी टपाटप सुटून त्यांच्या तळव्यावर पडल्या. मूळ आहे तसं. एका गाठीला नख लावलं, दोन भाग केले. आत लालसर, गुलाबी. तो रंग म्हणजे आत काम चाललंय याची खूण. या गाठी मी पाकिटातनं आणून लावल्यात, मामा, रोग नव्हे, माझं पीक याच्यावरच उभं आहे.

मामांनी तळवा डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, लाल म्हणजे सडायला लागलंय. मला कळत होतं की त्यांना पटलंय. पण सुभेदार माणूस, दिलेला हुकूम पलटणीसमोर मागं घ्यायचा कसा? तेवढ्यासाठी माझं रान जाणार होतं.

तेव्हा बायकांतली एक म्हातारी पुढं आली. सगळ्यांत जुनी, मामांच्या रानात आलं लावायला कायम तीच असायची. तिनं कमरेवरचा हात काढला नाही.

"आवं सुभेदार, भुईमुगालाबी असत्यात की ह्या गाठी. जलमभर भुईमूग उपटलाय आमी. कवा जाळला न्हाई."

मामा तिच्यावरच उखडले. म्हणाले, सकाळपासनं आठ ओळी उपटल्या, तेव्हा का बोलली नाहीस?

"ईचारलं कुणी? तुमी उपटा म्हणला. उपटलं."

ते मलाही लागलं, कारण ती म्हातारी माझ्याही रानात दोनदा भांगलून गेली होती आणि मीही तिला काही विचारलं नव्हतं. मामांनी तळवा झटकला. बायकांना खाली आल्यात जायला सांगितलं आणि डिझेलचा कॅन उचलून स्वतः घेऊन गेले.

मी त्या ढिगापाशी बसले आणि रडले. भांडणारी बाई रडत नाही असं कुणी सांगितलं? फुलं लागलेली रोपं होती ती. मग डोळे पुसून ती रोपं उरलेल्या ओळींमध्ये आच्छादन म्हणून पसरली. निदान मातीला तरी लागू देत.

उरलेला घेवडा चांगला आला. चमत्कार वगैरे झाला नाही, तसलं मी सांगणार नाही. पण युरियाचा दाणा न टाकता, त्या खडकाळ माळावर, गावातल्या चांगल्या रानांच्या तोडीचा आला. टपोरा, वजनदार दाणा. मळणीला लोक मुद्दाम बघून गेले. मामांनी मूठभर घेवडा हातात घेतला, परत पोत्यात सोडला आणि म्हणाले, बरा हाय. मामांच्या तोंडनं बरा म्हणजे मेडलच. मी वाट बघत होते की आता माळाचं काढतील. काढलं नाही. दसरा आला, गेला. मला वाटलं, आलं काढायच्या गडबडीत असतील.

परतीचा पाऊस बरा झाला होता. माळावर ओल होती. मी हरभरा करायचं ठरवून बी आणि त्याचं पाकीट आणून ठेवलं. एका सकाळी आत्या मागच्या दारी भांडी घासत होत्या. त्यांनी माझ्याकडं न बघताच सांगितलं की वर ट्रॅक्टर गेलाय. कुणाचा, म्हटलं. शेजाऱ्यानं लावलाय, त्या म्हणाल्या. मामांनी उन्हाळ्यातच त्याला शब्द दिला होता, चार माणसांत, पारावर बसून. मला शब्द दिला त्याच्या आधी.

मला आधी नीट कळेचना. मग मला कशाला दिला, विचारलं. आत्यांनी भांडं पालथं घातलं. "तुझं पीक येतंय कशाला, असं वाटलं त्यास्नी. म्हंजे द्यायची पाळीच येणार न्हवती."

मला आयुष्यात खूपदा राग आला आहे, पण तसा नाही आला. आठ ओळी उपटल्या त्या चुकून. ही चूक नव्हती. बाईच्या समाधानासाठी, लहान पोराच्या हातात रिकामी काडेपेटी द्यावी तसा दिलेला शब्द होता तो. आणि मी मूर्खासारखी उन्हातान्हात त्यावर राबले.

मामा ओट्यावर चहा पीत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, चार माणसांत दिलेला शब्द आहे, मागं घेतला तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

"शब्द मलाबी दिला व्हता मामा. का मी माणसांत न्हाई?"

मामांनी कप खाली ठेवला. मी उत्तराला थांबले नाही. पदर खोचला, हरभऱ्याची पिशवी डोक्यावर घेतली आणि माळावर गेले. ट्रॅक्टरवाला गावातलाच, पन्नाशीचा माणूस, नांगर जोडत होता. त्याला सांगितलं की दादा, या रानाचा निकाल लागायचाय, तोवर नांगराचं तास घालू नका. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि इंजिन बंद करून बांधावर तंबाखू मळत बसला. मी पिशवी मांडीशी घेऊन रानाच्या मधोमध बसले. निकाल काहीही लागो, मी उठणार नव्हते. मला भीती वाटत नव्हती असं नाही. लय वाटत होती. हे घर, हा नवरा, ही माणसं, सगळं त्या बसण्यात पणाला लागलं होतं. तरी उठले नाही.

ऊन चांगलं वर आल्यावर मामा चढून आले. डोक्यावर टोपी, इस्त्रीचा सदरा, लग्नकार्याला निघाल्यासारखे. माझ्यापासून चार पावलांवर थांबले. दम लागला होता.

"त्याच्या घरी निघालोय," ते म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा शब्द फिरवाय निघालोय. तुझ्यापायी."

मी बसल्या जागेवरनंच म्हटलं, "फिरवाय न्हाई मामा. मला दिलेला पाळाय निघालाय."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की चढाचा घाम होता, मी सांगू शकत नाही. मान हलवली न हलवल्यासारखी केली आणि शेजाऱ्याच्या मळ्याकडं उतरायला लागले. काठी टेकत, सावकाश. त्यांना तिथं काय काय ऐकून घ्यावं लागणार होतं ते मला माहीत होतं. मी त्यांना थांबवलं नाही. आभारही मानले नाहीत, आजवर मानले नाहीत. ज्याचं त्याला दिलं, त्यात आभार कसले?

ट्रॅक्टरवाला हात झटकत उठून आला. मी अजून बसलेलीच होते. त्यानं विचारलं, आता नांगरायचं ते कुणाचं रान म्हणून नांगरायचं?

माझं, मी म्हटलं, आणि उठून त्याला पहिलं तास कुठनं धरायचं ते दाखवलं.